पाचवा मजला, लिफ्ट बंद

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्याची उदाहरणे जगात पुष्कळ सापडतील. परंतु धोंडा आधी पाडायचा, आणि महिन्याभराने सामानसुमानासह जाऊन त्याच्याखाली पाय ठेवायचा, हे केवळ काटेकोरबाईंनाच साधले.

टेम्पो नव्या इमारतीच्या दारात उभा होता. कपाट अर्धे उतरले होते, गादी हमालाच्या डोक्यावर होती, आणि सातवा महिना लागलेल्या काटेकोरबाई कमरेवर हात टेकवून लिफ्टच्या दारावरचा कागद वाचत होत्या. लिफ्ट वापरण्यास अयोग्य असून दुरुस्ती व फेरतपासणी होईपर्यंत ती बंद ठेवण्यात येत आहे, असे त्यावर छापले होते. दाराच्या कडीतून तार ओवून तिला शिशाचे सील ठोकले होते. कागदाच्या तळाशी ‘निरीक्षक’ असा शिक्का होता, आणि शिक्क्यावर एक सही. आधी दोन लाटा, मग सरळ खाली उतरत गेलेली लांब रेघ. त्यातून नाव वाचून दाखवील असा माईचा लाल शहरात नव्हता. मात्र ती सही कोणाची हे शपथेवर सांगू शकेल अशी एक व्यक्ती होती, आणि ती या क्षणी आपल्याच अक्षराकडे आ वासून पाहत होती.

“अगं, ही तर तुझी—” असे त्यांचे यजमान म्हणू लागले.

“हळू बोल,” काटेकोरबाई म्हणाल्या.

यजमान शाळेत भूगोल शिकवीत, म्हणून त्यांना सगळे जण भूगोलसर म्हणत. घर त्यांनीच शोधले होते. पाचवा मजला, पश्चिमेचा वारा, खिडकीतून दूरवरची टेकडी. वाऱ्यांच्या दिशा पाहिल्या, उन्हाचे कोन पाहिले. लिफ्टकडे पाहिले नाही, कारण उंचीवर पायी जाण्यात त्यांना मौज वाटे. आणि काटेकोरबाई अकरा वर्षे लिफ्ट तपासणीच्या कचेरीत. चालत्या लिफ्टच्या टपावर उभे राहून दोर, चाके आणि खटके पाहण्याचे ते काम सहाव्या महिन्यात करण्याजोगे नव्हे, आणि साहेबांनी देऊ केलेली टेबलावरची जागा त्यांनी नाकारली होती. खुर्चीत बसून लिफ्ट तपासणे म्हणजे फोटोवरून ताप मोजणे, असे सांगून त्यांनी राजीनामा दिला. पण माणसाची तत्त्वे शेवटच्या दिवशीच दगा देतात. टेबलावर एकही कागद मागे ठेवून जायचे नाही, या हट्टापायी त्यांनी धाकट्या निरीक्षकाने पाहणी करून लिहिलेले अकरा अहवाल वाचले, आणि अकरांवर सह्या केल्या. त्या कचेरीत इमारतींना नाव नसते, गल्ली नसते. नोंदणी क्रमांक असतो. फोटोवरून ताप मोजलेल्या त्या अकरा रोग्यांपैकी एक त्यांचे भावी घर होते.

एवढ्यात तळमजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी आले. पोस्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ कागदपत्रांवर जीव टाकीत. लिफ्टवाचून त्यांचे स्वतःचे काही अडत नसल्यामुळे लोकांची गैरसोय ते अधिक तळमळीने मांडू शकत.

“या, या! जिन्याबद्दल माफी असावी. चांगली चालती लिफ्ट हो, थोडी कुरकुरायची, एवढंच. कचेरीत कोणी एक बया बसलीय म्हणे, तिनं न बघता सही ठोकली. बाई असून बाईची दया नाही! आता तुमची ही अवस्था, आणि पाच मजले!”

“डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलं असतं,” काटेकोरबाई म्हणाल्या, आणि पदराने कागदावरची सही झाकता येईल का, याचा त्यांनी मनोमन अंदाज घेतला.

अशी त्या घराची सुरुवात झाली. पुढचे पंधरा दिवस काटेकोरबाईंनी घर लावले, म्हणजे तपासले. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी उलटी बसवली होती, ती सुलटी करवून घेतली. न्हाणीघरातील फरशीचा उतार मोरीकडे नसून दाराकडे होता, याची लेखी नोंद घरमालकाला पाठवली. बाळाचा नवा पाळणा आला, तेव्हा सरांचे सगळे जाडजूड नकाशासंग्रह त्यात रचून, म्हणजे अपेक्षित बाळाच्या पाचपट वजन टाकून, त्यांनी तो अर्धा तास टांगता ठेवला. सर शाळेतून आले आणि अनेक खंड एकदम झोके घेताना पाहून काही न विचारता चहा ठेवायला गेले.

परंतु घर लावणे ही चार भिंतींच्या आतली गोष्ट, आणि घरी रुळणे ही जिन्यावरची. आणि जिन्यावर फार चांगली माणसे राहत होती, हेच तर दुखणे. तिसऱ्या मजल्यावर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्याच्या वळणावर एक खुर्ची आणून ठेवली, शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या. काटेकोरबाई खाली गेल्या की येताना तेथे टेकत, आणि मावशी सुईत दोरा ओवता ओवता त्यांना धीर देत.

“बस पोरी. दोन घोट पाणी पी. जिनं ही लिफ्ट बंद केली ना, तिला शंभर मजले चढायला लावले पाहिजेत.”

“शंभर जास्त होतील, मावशी.”

“तू फार गरीब आहेस गं स्वभावानं! म्हणून लोक तुझ्यासारखीला छळतात. तिच्या घरी कोणी पोटुशी नसेल का?”

“असेलही,” काटेकोरबाई तांब्यात पाहत म्हणत.

चौथ्या मजल्यावरचे वकील त्यांची पिशवी वर नेऊन देत आणि त्या निरीक्षकबाईवर कोणकोणती कलमे लागू शकतात, याची यादी सांगत. पहिल्या दिवशी तीन कलमे होती. महिनाअखेर ती नऊ झाली.

काटेकोरबाईंना आयुष्यात शिव्या नव्या नव्हत्या. पण आजवर त्या शिव्या लिफ्टमालकांच्या होत्या, आणि संध्याकाळी मागे सोडून घरी येता येत असे. आता घरच शिव्यांच्या मधोमध होते, आणि शिव्या देणारीच माणसे पाणी देत होती. आईपणाच्या उंबरठ्यावर, जिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांवाचून चालायचे नाही अशा वेळी, आपण खोट्या नावाने राहतो आहोत, असे त्यांना वाटू लागले.

“सांगून टाकू?” त्यांनी सरांना विचारले.

“मुळीच नाही. ज्वालामुखी निद्रिस्त असतो तोवर पायथ्याशी शेती उत्तम होते.”

“आणि मी चुकले असेन तर? मी दोर पाहिलाच नाही रे. पोराच्या शब्दावर सही केली. त्यानं चुकून मोजलं असेल, तर एवढी माणसं उगाच चढतायत.”

खरे सांगायचे तर धाकटा निरीक्षक चुकलेला असावा, अशीच त्यांची इच्छा होती. अकरा वर्षांत प्रथमच त्यांना एखादी लिफ्ट पास व्हावीशी वाटत होती. एका दुपारी त्या सरांना घेऊन गच्चीवर गेल्या. लिफ्टच्या यंत्राची खोली तिथे होती. खोलीला कुलूप नव्हते. ही स्वतंत्र त्रुटी त्यांनी जाता जाता मनात नोंदवली. आत तीन पायऱ्यांचा लोखंडी चौथरा. सरांनी त्यांचा दंड धरला आणि स्वतःचे डोळे मिटले. काटेकोरबाईंनी विजेरी पेटवली, पोलादी दोरावर एक वीत मोजून घेतली आणि त्या विणीतल्या तुटक्या तारा बोटाच्या टोकाने मोजू लागल्या.

“किती?” सरांनी डोळे न उघडता विचारले.

“पोरानं अठरा लिहिल्या होत्या.”

“आणि आहेत किती?”

“तेवीस.” काटेकोरबाईंचा चेहरा पडला. “आळशी आहे मेला. पलीकडच्या बाजूनं मोजलंच नाही.”

म्हणजे सही खरी होती. माणसाला आपण बरोबर असल्याचे इतके दुःख क्वचितच झाले असेल.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांना खाली बोलावले. सोसायटीला सभागृह नसल्यामुळे सभा लिफ्टसमोर भरे. सेक्रेटरींच्या हातात दोन पानी अर्ज होता. तो त्यांनी चार रात्री जागून लिहिला होता आणि वकिलांनी त्यात ठिकठिकाणी ‘सबब’ घातले होते. दोर थोडा जुना असला तरी धोकादायक नाही. सबब, इमारतीत राहणाऱ्या एका गरोदर भगिनीचे हाल लक्षात घेता, दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट वापरण्याची मुभा मिळावी, असा त्याचा मथितार्थ. आणि पहिली सही त्या भगिनीची.

“तुमची सही म्हणजे हुकमाचा एक्का!” सेक्रेटरी म्हणाले. “दगडालाही पाझर फुटेल. त्या बयेलासुद्धा.”

टेकायला काही नव्हते म्हणून त्यांनी अर्ज लिफ्टच्याच दारावर, त्या नोटिशीशेजारी सपाट धरला. वकिलांनी पेन उघडून दिले. काटेकोरबाईंनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. सरांनी मागून हळूच सुचवले, “साध्या अक्षरात नाव लिही. कोणाला कळणार नाही.”

ते खरे होते. कोणालाही कळले नसते. अर्ज गेला असता, धाकटा निरीक्षक भिडस्त होता, बहुधा त्याने मुभाही दिली असती. आणि सोमवारपासून काटेकोरबाई तेवीस तुटक्या तारांच्या भरवशावर आपल्या बाळाला घेऊन वरखाली करू लागल्या असत्या, आणि मावशी, आणि वकील, आणि शाळेचे गणवेश न्यायला येणारी सगळी पोरे.

“मला सही नाही करता येणार.”

“लाजू नका हो!”

“लाजत नाहीये. दोर धोकादायक आहे. वीतभरात तेवीस तारा तुटल्यात. मी वर जाऊन मोजल्या.”

“तुम्ही? मोजल्या?” वकील म्हणाले. “आपला या विषयाशी संबंध काय?”

काटेकोरबाईंनी पेन टेकवले. त्यांनी अर्जाच्या कोऱ्या समासात दोन लाटा काढल्या आणि एक लांब रेघ सरळ खाली ओढली. वकिलांनी चष्मा वर केला, समासाकडे पाहिले, मग नोटिशीकडे पाहिले, मग पुन्हा समासाकडे. आयुष्यात प्रथमच एखादा पुरावा त्यांना इतका निर्विवाद मिळाला होता, आणि तो नेमका आपल्या पक्षाविरुद्ध.

“म्हणजे,” मावशी सावकाश म्हणाल्या, “महिनाभर मी जिला शिव्या घालतेय, तिलाच पाणी पाजतेय?”

“हो, मावशी.”

“आणि तू ऐकून घेत बसलीस!”

“शिव्या बऱ्याचशा बरोबर होत्या. न बघता सही केली होती मी.”

“ते वेगळं! पण माझ्या तोंडावर ‘शंभर जास्त होतील’ म्हणालीस! घासाघीस करत होतीस माझ्याशी!”

कोणी हसले नाही. सेक्रेटरींनी अर्जाची घडी घातली, जणू वाईट बातमीची तारच आली असावी अशा चेहऱ्याने. सभा आपोआप उठली. सोमवारी काटेकोरबाई बाहेरून आल्या तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची नव्हती.

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मग पुढे चढल्या. पिशवी त्यांची त्यांनीच नेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांना सांगितले, “बाळ झाल्यावर दुसरीकडे जाऊ. तळमजल्यावर. जिथं लिफ्टच नाही.” सरांनी ज्वालामुखीचा विषय मुळीच काढला नाही.

चौथ्या दिवशी खुर्ची होती. मावशीही होत्या.

“बस,” मावशी म्हणाल्या. “पण बोलू नकोस. मी रागावलेय अजून.”

काटेकोरबाई बसल्या. मावशींनी दोन गुंड्या लावल्या. तिसरी लावताना त्यांना राहवले नाही.

“तो लिफ्टवाला कंत्राटदार आला होता. म्हणतो, नवा दोर कशाला, आहे तोच उलटा करून बसवतो, झिजलेलं टोक दुसरीकडे जाईल. सेक्रेटरी हो म्हणून बसलाय. बरोबर आहे का गं ते?”

काटेकोरबाई गप्प.

“आता बोल की!”

“कुठंय तो?” काटेकोरबाई उठत म्हणाल्या.

कंत्राटदार तळमजल्यावर चहा पीत होता. जिन्यावरून येणाऱ्या पावलांची चाहूल त्याने ओळखली नाही. चेहरा ओळखला, आणि कप खाली ठेवला. या शहरात लिफ्टच्या धंद्यातल्या माणसाला काटेकोरबाई ठाऊक नसणे म्हणजे माशाला जाळे ठाऊक नसणे.

“मॅडम! तुम्ही तर नोकरी सोडलीत ना?”

“मी इथं राहते.”

“अरे देवा,” कंत्राटदार मनापासून म्हणाला.

पुढचे तीन आठवडे काटेकोरबाई तळमजल्यावर खुर्ची टाकून बसल्या. नवा दोर आला, त्याच्यासोबत कारखान्याचे चाचणीपत्र नव्हते. दोर परत गेला. दुसरा आला. चाकाची खाच झिजलेली निघाली, चाक बदलले. दार पूर्ण न मिटताच लिफ्ट हलते, असे आढळले. खटका चारदा बसवला. “बाई, चार माणसांची लिफ्ट आहे, चंद्रावर नाही जायचंय!” असे कंत्राटदार काकुळतीने म्हणाला. “चंद्रावर जाणाऱ्यांना माहीत तरी असतं कुठं जातोय ते,” असे उत्तर मिळाले. ज्या सेक्रेटरींना ती बया नकोशी होती, ते आता तिच्या शेजारी वही घेऊन बसू लागले. असा स्पष्ट, तारीखवार आणि निर्दय पत्रव्यवहार त्यांनी पोस्टातही पाहिला नव्हता. वकिलांनी तर ती नऊच्या नऊ कलमे कंत्राटदाराकडे वळती केली. जिन्यावर बोलणे पुन्हा सुरू झाले. बंद दाराविरुद्ध भांडणारी माणसे आता बंद दाराच्या बाजूने भांडत होती; मनुष्यस्वभावात यापेक्षा मोठे परिवर्तन होत नाही, आणि तसे कोणी मागूही नये.

दोर बसला. लिफ्ट आवाज न करता वरखाली धावली. दुरुस्तीसाठी कचेरीने सील काढले होते; दाराला आता कुलूप होते आणि किल्ली सेक्रेटरींकडे. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे आणखी तीन आठवड्यांनी, धाकटा निरीक्षक गुरुवारी तपासणीला येणार, असे पत्र आले. आणि बुधवारी दुपारी चार वाजता, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी, काटेकोरबाईंना कळा सुरू झाल्या.

सर उड्या मारीत तळमजल्यावर गेले. “किल्ली! लिफ्टची किल्ली द्या!”

सेक्रेटरींनी किल्ली खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला. “तपासणी उद्या आहे, सर.”

“अहो, लिफ्ट चालतेय! तुम्ही पाहिलीय! बाळ थांबेल का उद्यापर्यंत?”

“या इमारतीत बंद लिफ्ट चालवायला एकच माणूस तयार होता, तो मी. तो माणूस आता राहिला नाही. आधी बाईंना विचारून या.”

बाईंना विचारावे लागले नाही. त्या पिशवी घेऊन पाचव्या मजल्याच्या कठड्याशी उभ्या होत्या आणि वरूनच म्हणाल्या, “किल्लीला हात लावलास तर बघ!”

मग ती मिरवणूक निघाली. पुढे सर, पायरीगणिक मागे वळून पाहत. मध्ये काटेकोरबाई, कठडा धरून. चौथ्या मजल्यावर वकील सामील झाले. कळ आली की ते घाबरून ‘थांबा, थांबा’ म्हणत, जणू तिला स्थगिती मिळाली असती. खुर्चीत बसवून न्यावे, असे कोणीतरी सुचवले. काटेकोरबाईंनी जिन्याची रुंदी, खुर्चीचे पाय आणि वकिलांचे मनगट पाहून तो प्रस्ताव फेटाळला. तिसऱ्या मजल्यावर मावशींनी हातातला गणवेश टाकला आणि त्यांच्या काखेत हात घातला.

“श्वास घे. बोलू नकोस.”

“पुढच्या पायरीची कड फुटलीय, मावशी, जपून.”

“बोलू नकोस म्हटलं ना! प्रसूती तुझी आहे, जिन्याची नाही!”

बावीस मिनिटांनी काटेकोरबाई टॅक्सीत बसल्या. मावशी कोणाला न विचारता शेजारी बसल्या. दोन तासांनी मुलगी झाली, रीतसर, वजनाने भरलेली आणि आवाजाने त्याहून भरलेली.

गुरुवारी दुपारी धाकट्या निरीक्षकाचा दवाखान्यात फोन आला. आवाजात संकोच होता.

“मॅडम, अभिनंदन. दोर उत्तम, खटके उत्तम. पण आतली धोक्याची घंटा वाजत नाही. बटण दाबलं की नुसता दिवा लागतो. मी... मी पास नाही केली, मॅडम.”

कंत्राटदाराच्या मागे तीन आठवडे लागून काटेकोरबाईंनी सगळे पाहिले होते, आणि घंटा पाहिली नव्हती. “बरोबर केलंस,” त्या म्हणाल्या. “दोन्ही बाजूंनी पाहिलंस ना सगळं?”

“तीन बाजूंनी, मॅडम.”

घंटेचा सुटा भाग मिळायला आठवडा लागणार होता. शनिवारी सकाळी, कापडात गुंडाळलेली मुलगी छातीशी धरून काटेकोरबाई इमारतीत शिरल्या, आणि लिफ्टच्या दाराशी त्यांचे पाय आपोआप थबकले. शेजारी सर होते, मावशी होत्या, समोर सेक्रेटरी आणि वकील. काटेकोरबाईंनी वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिले, मग मुलीकडे, मग पुन्हा जिन्याकडे. पाच मजले. त्यांच्या अंगात तीन पायऱ्यांचेही त्राण नव्हते.

“एक म्हणू का?” त्या हळूच म्हणाल्या. “नुसती घंटाच तर वाजत नाहीये. दोर नवा आहे. एकदा, एकच खेप—”

“काय बोलतेस!” मावशी कडाडल्या. “अंगावर पोर आहे!”

“अडकलात तर हाक कशी मारणार?” सेक्रेटरींनी विचारले.

“सबब,” वकील म्हणाले, “प्रश्नच उद्भवत नाही.”

मावशींनी मुलीला हातांत घेतले, सेक्रेटरींनी, ज्यांचे वर काहीच काम नव्हते, पिशवी उचलली, आणि सगळी वरात पहिल्या पायरीवर चढली.

“चला बाई,” सेक्रेटरी मागे वळून म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.”